चौबळ काकांची यादवी

"चहा समुद्रात फेकला, हे एक वेळ समजू शकतो," चौबळ काका म्हणाले. "पण पेट्यांसकट? लाकूड वेगळं काढायला नको?"

सोमवारची सकाळ होती. आमच्या इमारतीखाली कचऱ्याच्या जागेपाशी आम्ही दोघं उभे होतो आणि काकांच्या हातात चहाच्या चोथ्याची पिशवी होती. निशी-कासाईत, म्हणजे टोकियोच्या पूर्वेकडच्या आमच्या एदोगावा भागात, कचरा हा फार सोवळ्याचा विषय आहे. जळणारा कोणत्या वारी, प्लास्टिक कोणत्या वारी, बाटली कुठे आणि तिचं बूच कुठे, हे चुकलं की पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि पिशवी तिथेच राहते, सगळ्या इमारतीने बघावी म्हणून. त्यामुळे काका शेजारच्याच कोणाबद्दल बोलतायत असं मला वाटलं.

"कोणी फेकला?" मी विचारलं. हे विचारायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिथे नुकतेच राहायला आलो होतो.

"बॉस्टनवाल्यांनी! इंग्रजांनी चहावर कर बसवला म्हणून जहाजांवर चढले आणि सगळा चहा बंदरात ओतला. कर नको, हे बरोबरच आहे. पण बंदराच्या पाण्याचं काय झालं असेल, ह्याचा एकाने तरी विचार केला? भरती-ओहोटीला ते सगळं काठाला लागलं असणार. साफ कोणी केलं? कुठल्याही पुस्तकात ह्याचा उल्लेख नाही!"

माझी गाडी चुकली. मी इथल्या एका प्रयोगशाळेत प्लास्टिकवर संशोधन करते आणि आमच्या प्रोफेसरांना उशीर अजिबात खपत नाही. कारण काय सांगायचं हे मला शेवटच्या स्टेशनपर्यंत सुचलं नाही. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, असं सांगायचं?

काकांचं पूर्ण नाव वसंत चौबळ. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात पाणीपुरवठा खात्यात झाली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी शर्मिला न्यू जर्सीला, मुलगा शैलेश टोकियोत बँकेत, सून तन्वीही नोकरी करणारी. काका दोन वर्षांपूर्वी शैलेशकडे राहायला आले. अमेरिकेला ते आयुष्यात कधी गेलेले नाहीत. तेवढा लांबचा प्रवास त्यांच्या गुडघ्यांना आणि डॉक्टरांना मंजूर नाही. आणि तरीही ह्या माणसाला अमेरिकन लोकांची गेल्या चार शतकांची खडान्‌खडा माहिती आहे, आणि ती त्यांच्या पोटात राहत नाही.

काकांचं आवडतं वाक्य म्हणजे, "हे तिकडे आधीच होऊन गेलंय!" लिफ्ट बंद पडली, माझ्या नवऱ्याने नोकरी बदलली, शेजारच्या दोन जपानी आजींचं कुंड्यांवरून बिनसलं, काहीही झालं तरी ते तिकडे आधीच होऊन गेलेलं असतं. वास्तविक घड्याळ पाहिलं तर सगळं आधी जपानमध्ये होतं आणि मग अमेरिकेत. पण हे काकांना सांगण्यात अर्थ नाही. घड्याळाबाबत त्यांचं अमेरिकन लोकांशी एकूणच पटत नाही. "एवढी शहाणी माणसं, आणि दर हिवाळ्याला घड्याळ तासभर मागे करतात. वेळ म्हणजे काय पाण्याची टाकी आहे, वाटेल तेव्हा व्हॉल्व्ह फिरवायला?"

मोठ्या माणसांची नावं ते घेत नाहीत. पहिल्या राष्ट्राध्यक्षांना 'थोरले' म्हणतात. गुलामगिरी संपवणारे ते उंच, किडकिडीत राष्ट्राध्यक्ष म्हणजे 'दाढीवाले'. "थोरल्यांच्या दातांचं दुखणं फार होतं हो," असं ते इतक्या काळजीने म्हणतात की मला एकदा आमचा इथला दंतवैद्य सुचवावासा वाटला होता.

आमची इमारत अकरा मजली आहे. काका दहाव्यावर, आम्ही नवव्यावर. खालून लिफ्ट निघाली की काकांचं मेफ्लॉवर जहाज अमेरिकेत वसायला निघालेल्या लोकांना घेऊन इंग्लंडचा किनारा सोडतं. तिसऱ्या मजल्यावर वादळ होतं, सहाव्यावर लोक आजारी पडतात, आणि नवव्यावर दार उघडलं की मला एकदाची जमीन दिसते. मूळच्या रहिवाशांवर काय वेळ आली, हे सांगताना ते दार हाताने अडवून धरतात. "उपाशी मरत होते हे लोक! तिथल्यांनी मका पेरायला शिकवलं, जेवू घातलं. आणि ह्यांनी काय केलं? जेवले, हात पुसले आणि म्हणाले, घर आमचं." लिफ्ट पीं पीं करत राहते आणि मागे उभे असलेले जपानी शेजारी अत्यंत गंभीरपणे मान हलवतात. गुलामांची गोष्ट मात्र ते लिफ्टमध्ये सांगत नाहीत. "ती उभ्या उभ्या सांगायची नाही," म्हणतात.

एकदा कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानात, काकांनी पावतीवरचा कर पाहिला. गल्ल्यावर एक नेपाळी मुलगी होती, शिकता शिकता अर्धवेळ काम करणारी.

"मला इथे मत आहे का?" काकांनी तिला हिंदीत विचारलं.

"नाही, अंकल."

"मत नाही तर कर नाही! लोकांनी ह्याच्यावरून राज्य उलथवलंय."

"पिशवी पाहिजे का, अंकल?" मुलगी म्हणाली.

पिशवीलाही वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर काका इतके हताश झाले की दही छातीशी धरून घरी आले.

पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे ओकुमुरा-सान प्रकरण. ओकुमुरा-सान, म्हणजे आपले ओकुमुराराव, आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. वय काकांएवढंच, निळा डगला, हातात झाडू. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेची काळी युद्धजहाजं तोफा रोखून इथल्याच खाडीत शिरली आणि जपानला दारं उघडायला लावली, हे काकांनी ज्या दिवशी वाचलं, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते खाली गेले आणि ओकुमुरा-सानांसमोर हात जोडून उभे राहिले.

"युवर बे. देअर शिप. व्हेरी बॅड मॅनर्स. सॉरी, हां."

ओकुमुरा-सानांना इंग्रजी येत नाही. पण समोरचा माणूस कशाबद्दल तरी मनापासून माफी मागतोय, एवढं जपानी माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. ते कमरेत वाकले. काका त्याहून वाकले. मग ते आणखी वाकले. दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराशी संत्र्यांची पिशवी होती.

"बघ," काका मला म्हणाले, "मिटलं."

दिवाळीला आमच्याकडे इथल्या मराठी मंडळींचा फराळ होता. चकली खाता खाता एकजण म्हणाला, "काका, पण अमेरिकेला इतिहास आहेच कुठे? देश होऊन जेमतेम दोन-अडीचशे वर्षं. एका रविवारी वाचून संपेल." सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि ते हळूच म्हणाले, "नाही हो. बराच आहे. तुम्हाला माहीत नाही, बराच आहे." त्यांना एवढं काय लागलं, ते मला कळेना. काका काही थोरल्यांचे जावई नव्हते.

ते मला नंतर एका शनिवारी कळलं. तन्वीचा डबा परत करायला म्हणून सकाळी वर गेले, तर तन्वीने दार उघडून आधी ओठांवर बोट ठेवलं. आत टेबलाशी काका बसले होते. केस चापून बसवलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली चट्ट्यापट्ट्याचा पायजमा. टॅब्लेट राइस कुकरला टेकवून उभा केला होता आणि त्यातून एक पंधरा वर्षांची मुलगी बोलत होती. दातांना तारा, केसांची एक बट जांभळी.

"आठ वाजले की मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद," तन्वी कुजबुजली. "रेवाचा फोन. शर्मिलाताईंची मुलगी. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असते."

रेवा लहान असताना आजोबांशी तासन्‌तास बोलायची. मोठी झाली तसं तिचं मराठी आटलं आणि फोनही. 'हाय आजोबा, फाइन, ओके, बाय,' एवढ्यात उरकायचा. काका इथे आले त्या वर्षी एका फोनवर तिने सहज सांगितलं, की सोमवारी इतिहासाची परीक्षा आहे, अमेरिकेच्या. काकांनी विचारलं, काय आहे त्यात? ती सांगायला लागली आणि पहिल्यांदाच तो फोन अर्धा तास चालला. दुसऱ्या दिवशी काका शैलेशला घेऊन वाचनालयात गेले आणि इंग्रजी पुस्तकांच्या कपाटात जे होतं ते सगळं घेऊन आले.

"बाबांना फार गोडी लागली इतिहासाची," तन्वी म्हणाली. "पण आता कित्येक महिने यादवीतच अडकलेत. उत्तर आणि दक्षिण लढतायत ते लढतायतच. ते म्हणतात, रेवाची शाळा फारच सावकाश शिकवते."

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरातला एक शनिवार. शैलेश कामासाठी ओसाकाला गेला होता, तन्वीला सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बोलावलं होतं, म्हणून तिने मला काकांना उपमा नेऊन द्यायला सांगितलं. मी गेले तेव्हा काका शर्ट घालून तयार होते. राइस कुकरला टॅब्लेट टेकवलेला होता. आठ वाजले. टॅब्लेट वाजला नाही.

"येईल," काका म्हणाले.

उपमा निवला. काकांनी टॅब्लेट पुसला, मग कुकर पुसला, मग टेबल. शर्मिलाला फोन करू या का, असं मी विचारलं.

"नको. मागून मिळालेला फोन नको." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "मला माहीत होतं, कधीतरी होणार हे. मुलगी मोठी झाली, शुक्रवारची संध्याकाळ, मैत्रिणी असतील. म्हाताऱ्याशी यादवीबद्दल कोण किती बोलणार?"

"काका, असं काही नसेल. आणि तुमच्याइतका इतिहास..."

"इतिहास!" काका एकदम उसळले. "मीनल, तुला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नकोस. मला ह्या इतिहासात काडीचा रस नाही. शाळेत असतानाही नव्हता. मला पाण्यातलं कळतं. पाइप कितीचा, उतार किती, गळती कुठे, हे विचार. त्या लढाया वाचताना मला झोप येते! डोळ्याला पाणी लावून वाचतो. पण तिला तोच विषय आवडतो ना. दुसरं काय आहे माझ्याकडे तिच्याशी बोलायला?"

 लिफ्ट अडवून धरणारा, दह्याचं भांडं छातीशी धरणारा हा माणूस दोन वर्षं डोळ्याला पाणी लावून वाचत होता. मी निवलेला उपमा झाकून ठेवला.

"मी जरा नदीवर जाऊन येतो," काका म्हणाले. "तू चहा पिऊन जा, जाताना दार ओढून घे." आणि फोन टेबलावरच ठेवून, शर्टावर स्वेटर आणि पायजम्याच्या जागी पँट चढवून ते निघून गेले.

मी चहा केला. तो संपत आला आणि टॅब्लेट वाजला. भिंतीवर बरोबर नऊ वाजले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ! अमेरिकन लोकांनी त्या आठवड्यात घड्याळं मागे केली होती. रेवाचे संध्याकाळचे सात म्हणजे आता इथले आठ नव्हेत, नऊ. एरवी शैलेश आठवण करून द्यायचा. यंदा तो ओसाकात. चार शतकं तोंडपाठ असलेल्या माणसाला नेमका हा एक तास लक्षात राहत नव्हता.

"आजोबा कुठे?" रेवाने विचारलं. मी कोण ते सांगितलं आणि काय झालं तेही सांगितलं.

"ओह नो! त्यांना वाटलं मी विसरले?" तिचा चेहरा पडला. "मी कशी विसरेन? मी चॅप्टर पण वाचलाय." तिच्या मागे पलंगावर एक जाड पुस्तक पसरलं होतं. मला ते उलटंसुद्धा ओळखू आलं. रसायनशास्त्राचं होतं.

"तुझी परीक्षा केमिस्ट्रीची आहे का?"

"हो. मंडेला. मला काहीच येत नाही," रेवा म्हणाली.

"आणि इतिहास?"

रेवा जरा घुटमळली. "मीनल आंटी, आजोबांना सांगू नका हं. प्रॉमिस? हिस्टरी संपली. लास्ट इयरच संपली. आता माझ्याकडे तो सब्जेक्टच नाहीये. मला तर बोअर व्हायचं. पण आजोबांना हिस्टरी इतकी आवडते! म्हणून मी दर शुक्रवारी जुनं पुस्तक काढून थोडं थोडं वाचते. सिव्हिल वॉर मी मुद्दाम स्लो घेतेय. संपलं तर मग आम्ही काय बोलणार?"

मी माझा फोन उचलला. मग म्हणाले, "तू फोन ठेवू नकोस. म्हणजे ठेव, आणि ह्या नंबरवर कर. आपण आजोबांना शोधू या."

इथे सायकल चालवताना फोन हातात धरणं गुन्हा आहे. म्हणून मी तो पुढच्या टोपलीत ठेवला. टोपलीत आदल्या दिवसाचा मुळा राहिला होता, त्याला टेकवून. अमेरिकेतल्या रेवाला टोकियोचं आकाश आणि मुळ्याचा पाला दिसत होता. सिग्नलला थांबले की टोपलीतून आवाज यायचा, "आंटी, मोल म्हणजे काय?" आणि मी ताठ बसून, पुढे बघत, मोल म्हणजे काय ते मुळ्याला समजावून सांगत होते. शेजारी सायकलवर एक आजोबा थांबले होते, ते सिग्नल हिरवा होण्याआधीच सायकलवरून उतरून दुसऱ्या बाजूला गेले.

काका आराकावा नदीच्या बांधावर होते. आमच्याकडे पाठ करून, पाण्याच्या दरवाजापाशी, ते लोखंडी गेट न्याहाळत. दुसरं कोणी असतं तर नदीकडे बघत बसलं असतं. काका झडपेकडे बघत होते.

"काका!" मी खालूनच ओरडले. "दाढीवाले आलेत!"

काका वळले. त्या गुडघ्यांनी बांधाचा तो उतार माणूस इतका भरभर कसा उतरला, मला माहीत नाही. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी वाऱ्याने उडालेले केस चापून बसवले, स्वेटरमधून कॉलर बाहेर काढली, घसा साफ केला.

"हं, रेवा. कुठपर्यंत आलो होतो आपण?"

"आजोबा, सॉरी! क्लॉकमुळे..."

"असू दे गं. तुमच्या लोकांचं ते आहेच. हां, तर दक्षिणवाले उपाशी, पायात बूट नाहीत..."

मी थोडी लांब जाऊन सायकलला टेकून उभी राहिले. दोघं बूट नसलेल्या सैनिकांबद्दल बोलत होते. एकाला कंटाळा, दुसरीला कंटाळा, आणि दोघांच्याही आवाजात काय आनंद होता! माझ्यापाशी दोघांची गुपितं होती. एक इकडे, एक तिकडे सांगितलं असतं तर दोघंही सुटले असते. पण सुटून गेले कुठे असते? मी तोंड मिटून मुळा धरून उभी राहिले.

परत येताना मी सायकल हाताने ढकलत होते आणि काका बाजूने चालत होते. वाटेतला एक गळका नळ त्यांनी घट्ट बंद केला. मग म्हणाले, "काय आवड आहे बघ पोरीला. इतकी वर्षं तोच विषय, पण कंटाळा म्हणून नाही."

"हो ना," मी म्हणाले.

"मीनल, तू शिकलेली आहेस, तुला एक विचारू? ही यादवी काही जन्मभर चालायची नाही. कधीतरी दाढीवाले जिंकणार." ते थांबले. "पुढे अजून किती आहे गं इतिहास? पुरेल ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

"भरपूर आहे, काका," मी म्हणाले. "यादवीनंतर तर खरी सुरुवात आहे. रेल्वे आहे, विमानं आहेत, दोन महायुद्धं आहेत, चंद्र आहे. तुम्ही दोघं म्हातारे झालात तरी संपणार नाही."

"तेच मी त्या दिवाळीच्या लोकांना सांगत होतो!" काका म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं, कानाशी धरून एकदा हलवलं, आणि पावलं झपझप उचलायला लागले. "चल, चल. वाचनालय उघडलं असेल."